सतरा एकांची बाकी

मला खोली मिळाली ती एकशे एकोणीसमुळे.

सोलापुरात एका शाळेत मी गणित शिकवायला लागले, तेव्हाची ही गोष्ट. मी मोडनिंबची. शहरात ओळखीचं कुणी नव्हतं. पूर्व भागात दोन घरांनी एकटी बाई म्हटल्यावर दारातूनच वाटेला लावलं होतं. तिसऱ्या दारात एक उंच, वाळके म्हातारे गृहस्थ उभे होते. अंगात बंडी, कानावर पेन्सिल. नाव, गाव, जात, नवरा, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही.

"काय शिकीवता?"

"गणित."

"एकशे तीन मूळ हाय का न्हाय?"

मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही ती. हे मी दर वर्षी फळ्यावर लिहायची. "आहे," म्हणाले.

"आन एकशे एकोणीस?"

"नाही. सातने जाते, सात गुणिले सतरा."

"सतरानं जातंय म्हना की," ते जरा दुखावून म्हणाले. "सातचं काय कवतिक." आणि आत जाऊन माडीवरच्या खोलीची किल्ली घेऊन आले. भाडं किती ते मीच दुसऱ्या दिवशी विचारलं.

गल्लीत त्यांना पंचिंगमामा म्हणत. सोलापुरी चादरीवर मोर आणि वेल उमटतात ते पुठ्ठ्याच्या पट्ट्यांमुळे. पट्टीला भोकं पाडलेली असतात. भोक असेल तिथला धागा माग उचलतो, नसेल तिथला खाली ठेवतो. अशा शेकडो पट्ट्या ओवून मागावर चढवल्या की खाली मोर येतो. मामांनी चाळीस वर्षं पायाच्या मशीनवर ती भोकं पाडली. मग ते काम कॉम्प्युटर करायला लागला आणि मशीन जिन्याखाली गेलं. मी राहायला आले तेव्हा त्यावर लोणच्याची बरणी होती. धंद्यातलं एवढंच उरलं होतं: पट्ट्यांमधून पडलेल्या गोल टिकल्यांनी भरलेला एक पत्र्याचा डबा. तो मात्र त्यांनी उशाशी ठेवला होता.

त्या टिकल्यांना उपयोग होता. चुकीच्या जागी भोक पडलं तर पट्टी टाकून द्यायची नाही. भोकावर खळ लावायची आणि एक टिकली बसवून दाबायची. "माग आंधळा असतोय बाई," मामा म्हणत. "त्याला वरचं तेवढं कळतं. टिकली लावली की त्याच्या लेखी ते भोक पडलंच न्हाय." तरुणपणी ते एकदा टिकली लावायला विसरले होते. मोराला दोन चोची आल्या, आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत सगळा माल दुधनीच्या बाजारात गेला. "तिकडं अजून कुणीतरी दोन चोचीचा मोर पांघरून झोपत आसंल," हे सांगताना ते हसत, पण फार नाही.

संख्यांच्या बाबतीत मामा माणूस राहत नसत. रिक्षाचा नंबर, गॅसच्या टाकीवरचा नंबर, लग्नपत्रिकेवरची तारीख, काही म्हणजे काही सुटायचं नाही. एक्क्याण्णवला ते "लबाड" म्हणत, कारण ती मूळ असल्याचा आव आणते आणि गुपचूप सातने जाते. एक्कावन्नला "आपल्यातली", कारण सतरा त्रिक एक्कावन्न. मी तिथे गेले त्या वर्षी तीस पूर्ण केली होती. "तीस म्हंजे सगळ्यांनी वाटून खाल्लेलं वर्ष," त्यांचा शेरा. पुढच्या वाढदिवसाला खालून हाक आली, "बाई, एकतीस. आता कुणाच्या हाताला लागायच्या न्हाय तुमी." मी लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे हे मला झोंबलं, आणि त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

रोज सकाळी चार भागाकार. हा त्यांचा नेम. दारातल्या कट्ट्यावर वही मांडीवर घेऊन बसायचे. शेजारच्या कारखान्यातले माग खडखडत असायचे आणि मामा ओठातल्या ओठात तेलुगूत पाढे म्हणायचे. भाऊबंद तेलुगू, बाजार मराठी, आणि देवाशी काय बोलत ते मला माहीत नाही. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं. पाण्याच्या दिवशी बादल्या, टाकी, पिंप यात वेळ जायचा, म्हणून त्या दिवशी तीन. सणाला चार. ताप आला तरी चार. एका पानावर दोन भागाकार मांडायचे, खाली तारीख. अंक चुकला तर खोडरबर नाही: डब्यातली टिकली, खळ, आणि टिकलीवर नवा अंक. मी वही चाळली तर पानापानावर एखाददुसरा गोल उंचवटा बोटाला लागायचा.

भागायची संख्या नेहमी तीच. सतरा एक. एकावर एक नव्हे, एकापुढे एक, असे सतरा: ११११११११११११११११११. लिहितानासुद्धा माणूस चुकतो, मीच आत्ता एक जास्त लिहिला. मामा कधी चुकले नाहीत. ही संख्या मूळ आहे का फुटते, एवढाच प्रश्न होता. फुटणे हा त्यांचाच शब्द.

"मामा, हे कशाला?" मी पहिल्याच महिन्यात विचारलं.

"बाकी किती ऱ्हाते ते बघायला."

"आणि बाकी शून्य आली की?"

ते पेन्सिलीला टोक करत होते. "बाकी ऱ्हायली पायजे बाई. शून्य झाली की माणूस मोकळा. आन मोकळा माणूस जाणार कुटं?"

मला वाटलं, म्हातारपणी माणसं असं काहीतरी बोलतातच. आठवीच्या वह्या तपासायच्या होत्या, मी वर निघून गेले.

खरी हकीकत त्यांनी पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात सांगितली. दुपारी माडी इतकी तापायची की मी खाली त्यांच्या ओसरीवर येऊन बसायची. ते भिंतीला टेकून टिकल्या निवडत होते, दुमडलेल्या वेगळ्या, सपाट वेगळ्या.

त्यांना एक मुलगी होती. ते तिला अम्मायी म्हणत, तेलुगूत पोरीला म्हणतात तसं. आई लवकर गेली. बापाला केक कापणं वगैरे जमेना, म्हणून त्यांनी एक खेळ काढला. जितकी वर्षं तितके एक लिहायचे आणि दोघांनी बसून ती संख्या फोडायची. दोन वर्षांची असताना अकरा. ती फुटत नाही. तीन एक म्हणजे एकशे अकरा, ती तीनने फुटली. पाच एक फोडायला एक्केचाळीस लागला. सम वाढदिवस सोपे, अकराने हमखास जायचे. अकरा वर्षांची झाली तेव्हा मात्र अकरा एकांनी दोघांचा घाम काढला. आठ महिने गेले. शेवटी एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासने भाग गेला. पोर शाळेतून आली होती, दप्तरही उतरवलं नव्हतं, आणि बापाने वही पुढे केली. "ती नाचली," मामा म्हणाले. "हितं, या फरशीवर. मी बी."

तेरा एकांना त्रेपन्न एका संध्याकाळी सापडला. पंधरा, सोळा सोपे गेले. सतराव्या वाढदिवसाला सतरा एक मांडले आणि गाडी अडली.

पोर पुढे कॉलेजात गणितच शिकली. तिथून तिने एक नियम आणला. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर तो तिच्या अक्षरात आहे. मामांनी मला तो दाखवला, हात धुऊन. ही संख्या फुटलीच, तर ज्या मूळ संख्येने फुटेल तिच्यातून एक वजा केला की चौतीसने भाग गेलाच पाहिजे. म्हणजे सगळ्या मूळ संख्या तपासायला नकोत. एकशे तीन, एकशे सदतीस, दोनशे एकोणचाळीस, मग तीनशे सात, अशा निवडक बघत जायचं. मी तो नियम बरोबर आहे का ते वर जाऊन पाहिलं. बरोबर होता. वीस वर्षांच्या पोरीने तो किती सोपा करून लिहिला होता याचा मला हेवा वाटला.

त्याच वर्षी मामांच्या बहिणीने आपल्या मुलासाठी तिला मागितलं. त्यांच्यात आत्याच्या घरी मुलगी देतात, यात वावगं काही नव्हतं. पोरीला पुण्याला एम. एस्सी. करायचं होतं. चार दिवस घरात शब्दाला शब्द लागत गेला. शेवटी मामा म्हणाले, "आदी सतरा पुरं कर. ते झाल्याबिगर उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा न्हाय."

"मला दुसरं काय सुचलं न्हाय ओ," ते मला सांगत होते. "रागात जे हाताला लागलं ते फेकलं. हाताला नेमकं तेच लागलं."

पोरीने बॅग उचलली. दारात म्हणाली, "तुम्हीच पुरं करा, नान्ना. झालं की फोन करा. तोवर करू नका." आणि गेली. तेव्हापासून मामा रोज चार करत होते. पोरीने पुण्यातच लग्न केलं, तिला मुलगा झाला, हे सगळं तिच्या एका मैत्रिणीकडून त्यांच्या कानावर आलेलं. फोन मात्र नाही. सतरा झालं नव्हतं ना.

मी त्या दिवशी त्यांच्यावर चिडले. "मामा, हा काय हट्ट? आजच्या आज फोन करा."

"तिनं झाल्यावर सांगितलंय."

"आणि झालंच नाही तर? तुम्हाला दहा कोटींच्या पुढे जावं लागेल, तोपर्यंत बघत गेलं तरच ती मूळ म्हणता येईल. आत्ता सव्वीस लाखांवर आहात तुम्ही."

"म्हाईत हाय की," ते शांतपणे म्हणाले. "मी बी गणितच करतोय."

"मोबाइलवर टाकलं तर एका मिनिटात कळेल."

टिकल्या निवडणारा हात थांबला. "बाई, माझ्या पट्टीवर दुसऱ्यानं भोकं पाडली, तर नक्षी माझी म्हनायची का? कुणी सांगिटलेलं चालत न्हाय. तुमी बघू नका. वचन द्या."

मी मान हलवली. वचन देताना माणूस मान हलवतो ते तोंडाने बोलावं लागू नये म्हणूनच.

शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात, शिक्षकखोलीत चहा पीत असताना मी सतरा एक मोबाइलवर टाकले. तीनदा मोजून टाकले. चहा निवायच्या आत उत्तर आलं. फुटते. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस या संख्येने पूर्ण भाग जातो.

मामा सव्वीस लाखांवर होते. म्हणजे त्यांनी ती ओलांडली होती, मी तिथे राहायला यायच्याही आधी.

पुढचा पाण्याचा दिवस आला. मामा पाइप घेऊन मागच्या टाकीशी गुंतले होते. मी कपाटातून चोविसावी वही काढली. पान सापडलं. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. भागाकार उतरत उतरत खाली आला होता, सुवाच्य, ओळीत. आणि सगळ्यात खाली, बाकीच्या जागी, टिकली. टिकलीवर एक. बाकी १.

मागे पाइपचा आवाज थांबला. मी वही जागच्या जागी ठेवली आणि जिन्यात जाऊन बसले. त्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, शस्त्रक्रिया नंतर झाली, हे मला त्यांनीच सांगितलं होतं. शेवटच्या वजाबाकीत नजर चुकली, बिचारे सुधारायला गेले आणि बरोबर होतं ते बिघडवून बसले, असं मी मनाशी ठरवलं. आता त्यांना काय सांगायचं? की तुमचं काम संपलं होतं, एका अंकाने तुम्ही दारावरून पुढे गेलात, त्यानंतरची सगळी पानं फुकट? मला ते धाडस झालं नाही. मी गप्प राहायचं ठरवलं आणि याला दया म्हणायचंही ठरवलं.

त्यानंतर दोन वर्षं मी रोज सकाळी शाळेला जाताना त्यांना कट्ट्यावर बघितलं. "कितीवर आलं मामा?" "सत्तावीस लाख." "एकोणतीस." "तिसाच्या पुढं." एकदा मी आडून विचारलंही, "मामा, मागचं कधी तपासून बघता का?" ते म्हणाले, "पट्टी एकदा ओवली की मागं जायचं न्हाय. सगळी माळ उसवावी लागती." मी म्हटलं, बरं.

गेल्या वर्षी त्यांना झटका आला. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवा हात गेला होता आणि तोंड थोडं वाकडं झालं होतं. बोलणं समजत होतं, सावकाश ऐकलं तर. बहीण डबा द्यायला यायची. मी विचारलं, "मुलीला कळवू?" त्यांनी मान हलवली. "सतरा झालं न्हाय अजून."

मग मी वही मांडीवर घेतली. दुसरं काय करणार होते? ते संख्या सांगायचे, मी भाग द्यायची. रोज शाळेच्या आधी चार. उत्तर काय येणार हे ठाऊक असताना, ज्या संख्यांनी काही निकाल लागणार नाही अशा संख्यांनी मी भाग देत होते. पाच आठवडे दिले. प्रत्येक वेळी बाकी मोठ्याने वाचायची. बाकी ऐकली की त्यांचा चेहरा सैल व्हायचा. मला वाटायचं, हे समाधान आहे.

एक दिवस दुसरा भागाकार संपल्यावर त्यांनी डावा हात वहीवर ठेवला.

"बाई, तुमी मोबाइलवर कदी बघितलं का ओ?"

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. डोळे आता स्वच्छ होते, शस्त्रक्रियेनंतर त्यांना भिंतीवरची मुंगीसुद्धा दिसायची.

"नाही मामा."

"खरं?"

"खरं. वचन दिलं होतं ना."

त्यांनी वहीवरचा हात काढून घेतला. मग "बरं" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. थोड्या वेळाने तिकडूनच म्हणाले, "आज तीनच करा."

पाण्याचा दिवस नव्हता. मला ते खटकलं, पण घंटा चुकली असती म्हणून मी तिसरा भाग उरकला आणि पळाले. त्यानंतर चार दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, मी वर्गात असताना मामा गेले.

मुलीचा नंबर टिकल्यांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेला होता. मी फोन केला. मी कोण हे सांगायच्या आत ती म्हणाली, "नान्ना?" मी सांगितलं. ती संध्याकाळी पोचली, तोवर थांबलो होतो.

माझ्याच वयाची होती. मामांचीच उंची, तोच वाळकेपणा. तिसऱ्या दिवशी पाहुणे पांगल्यावर ती कपाटासमोर उभी राहिली. सदतीस वह्या, पाठीवर आकडे घातलेल्या. पहिलं पान उघडून तिने स्वतःचं अक्षर बघितलं. मग मला विचारलं, "वीस लाख एकाहत्तर हजार कुठल्या वहीत आहे?"

मी विचारलं, "तुम्हाला माहीत आहे?"

"पुण्याला गेल्यावर पहिल्याच महिन्यात कॉम्प्युटरवर टाकलं की. रडत रडत टाकलं." ती खाली बसली. "म्हटलं, पोचतील. नियम मीच देऊन आले होते. तो नसता दिला तर जन्मात पोचले नसते. मला वाटलं, त्यांच्या लक्षात येईल की मी रस्ता ठेवून गेलेय."

मी चोविसावी वही काढून दिली. मीच आधी बघून ठेवलं होतं हे सांगितलं. मोतीबिंदूचंही सांगितलं. तिने पान उघडलं आणि नुसती बघत राहिली.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही गणित शिकवता ना?"

मी तिच्या खांद्यावरून वाकले. घाईत नाही, नीट. शेवटच्या वजाबाकीत वर लिहिलं होतं १४५०२०६१. खाली लिहिलं होतं १४५०२०६१. तोच आकडा, वर आणि खाली. आणि त्याखाली टिकली, एक. आठवीतलं पोरही यात फसलं नसतं. मी फसले, कारण मला तेव्हा फसायचं होतं.

तिने नखाने टिकलीची कड उचलली. खळ वाळून गेली होती, टिकली सहज निघाली. खाली शून्य होतं. पेन्सिल दोनदा फिरवून गिरवलेलं, ठळक, गोल. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनीसुद्धा चुकायचं नाही असं.

मग ती तारखा बघायला लागली. दवाखान्यातले दिवस सोडले तर सगळ्या वह्यांमध्ये एक दिवस रिकामा नव्हता. या पानानंतरचा भागाकार मात्र नऊ दिवसांनी केलेला होता. ती बोटं मोजत होती. मोजून झाल्यावर तिने वही मिटली आणि पुन्हा उघडली.

"फोन आला होता," ती म्हणाली. "त्याच महिन्यात. अनोळखी नंबर, सोलापूरचा. कुणी बोललं नाही. पण मागे माग चालू होते. तो आवाज मला कळणार नाही का? मी त्या आवाजात वाढले. नान्नांनी कारखान्यातनं लावला होता."

"मग?"

"मी हॅलो म्हटलं. दोनदा. मुलगा कडेवर होता, तो पण ओरडला. म्हटलं, आधी ते बोलू देत. मीच का? आधी त्यांनी बोलायला हवं." तिने वहीची कड सरळ केली. "किती तरी वेळ माग ऐकले मी. मग फोन ठेवला त्यांनी."

नऊ दिवस मामांनी काय केलं असेल ते मला माहीत नाही. दहाव्या दिवशी त्यांनी खळ कालवली असणार. काम संपलं हे कबूल केलं असतं तर पुन्हा फोन करावा लागला असता, आणि बोलावं लागलं असतं. त्यापेक्षा बाकी एक बरी. तिच्यावर रोज चार भागाकार चालतात, घरात पोरीची आठवण फिरती राहते. टिकली लावली, आणि त्यांच्या लेखी ते भोक पडलंच नाही. माग आंधळा असतो, पण मामा आंधळे नव्हते. चार वर्षं ते त्या शून्यावर बसून होते. पोर पुण्यात बसून होती. मी माडीवर. उत्तर तिघांनाही पाठ होतं.

तिने टिकली परत जागेवर ठेवली आणि अंगठ्याने दाबून धरली. चिकटायला खळ कुठे होती? तरी ती दाबून राहिली.

"एक सांगा," तिने वर न बघता विचारलं. "शेवटी शेवटी तरी त्यांनी तुम्हाला काही विचारलं का? म्हणजे, कुणीतरी सांगावं असं त्यांना वाटलं होतं का?"

भिंतीकडे केलेलं तोंड माझ्या डोळ्यांपुढे आलं. आज तीनच करा. मी त्या दिवशी खरं बोलले असते, मामा, बघितलंय, फुटते, असं एवढंच म्हटलं असतं, तर लपवायला काही उरलं नसतं. फोन लावावा लागला असता. नंबर उशाशी होता. चार दिवस हातात होते, आणि पुण्याहून यायला पाच तास लागतात.

"नाही," मी म्हणाले. "काही नाही विचारलं."

त्या घरात मी हे दुसऱ्यांदा म्हणाले. तिने मान डोलावली आणि वह्या पोत्यात भरायला घेतल्या.